गर्भातील यकृतवाहिन्यांच्या विकृती : प्रसूतिपूर्व निदानाचा इतिहास

गर्भाच्या यकृतात रक्त आणणाऱ्या, यकृतातून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या अथवा यकृताला वळसा घालून जाणाऱ्या रक्तवाहिन्यांतील जन्मजात रचनादोषांचा या संज्ञेत समावेश होतो. नीलावाहिनीचा अभाव, उजवी नाभिनीला टिकून राहणे, प्रवेशिका नीला व देहातील इतर नीला यांच्यातील अपसामान्य जोड म्हणजेच पार्श्वपथ, रोहिणी व नीला यांच्यातील थेट जोड आणि यकृतातील वाहिनीजन्य गाठी हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. उजवी नाभिनीला टिकून राहण्याचा प्रकार सोडल्यास हे दोष विरळ आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत त्यांचे ज्ञान मुख्यतः शवविच्छेदनातून व आजारी मुलांच्या तपासणीतून मिळत गेले. १९८० नंतर ते जिवंत गर्भात पाहता येऊ लागले, तेव्हा त्यांची संख्या तर वाढलीच, पण त्यांच्या परिणामांविषयीच्या जुन्या समजुतीही तपासून पाहाव्या लागल्या. हे या विषयाच्या इतिहासाचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

प्राकृत रचना व कार्य : गर्भाला ऑक्सिजन व पोषक द्रव्ये वारेकडून मिळतात. वारेतील ऑक्सिजनयुक्त रक्त नाळेतील नाभिनीलेवाटे गर्भाच्या उदरात शिरते आणि यकृतात प्रवेशिका नीलेच्या डाव्या शाखेस येऊन मिळते. तेथून त्याला दोन वाटा असतात. रक्ताचा मोठा भाग यकृताच्या ऊतकात पसरतो व यकृत नीलांवाटे बाहेर पडतो. उरलेला भाग नीलावाहिनी या अरुंद, कर्ण्याच्या आकाराच्या वाहिनीतून थेट अधोमहानीलेच्या वरच्या टोकाकडे जातो. गर्भावस्थेच्या मध्यास नीलावाहिनीचे तोंड सु. ०·५ मिमी. एवढेच असते व पुढेही ते क्वचितच २ मिमी.हून रुंद होते. अरुंद वाटेतून जाताना रक्ताचा वेग वाढतो. हा वेगवान प्रवाह हृदयाच्या उजव्या अलिंदात फारसा न मिसळता दोन अलिंदांमधील अंडाकार छिद्रातून डाव्या अलिंदात पोहोचतो. त्यामुळे सर्वाधिक ऑक्सिजन असलेले रक्त मेंदू व हृदयाचे स्नायू यांना प्रथम मिळते. जन्मानंतर नाभिनीलेतील प्रवाह थांबतो, नीलावाहिनी बहुधा काही दिवसांत मिटते आणि कालांतराने दोहोंचे तंतुमय बंधांत रूपांतर होते. त्यानंतर आतड्यातील रक्त प्रवेशिका नीलेवाटे यकृतातून गाळूनच हृदयाकडे जाते.

या वाहिन्यांची घडण गर्भावस्थेच्या चौथ्या आठवड्यापासून सुरू होते. आरंभी पीतक नीला व नाभिनीला यांची प्रत्येकी एक जोडी असते. वाढणारे यकृत त्यांना मधोमध छेदून त्यांचे केशवाहिन्यांच्या जाळ्यात रूपांतर करते. पीतक नीलांमधील आडव्या जोडांपासून प्रवेशिका नीला बनते, उजवी नाभिनीला नाहीशी होते आणि डावी टिकून राहते. नाहीशी व्हावयाची वाहिनी टिकली, टिकावयाची नाहीशी झाली अथवा तात्पुरता जोड कायम राहिला, तर वर उल्लेखिलेल्या विकृती उद्‌भवतात. या विकृतींची विविधता मोठी असली, तरी त्या सर्वांचे मूळ या थोड्याशा आठवड्यांतील घडामोडींत आहे.

शरीररचनाशास्त्राचा काळ : नाभिनीला यकृताकडे जाते, हे ग्रीक वैद्य गेलेन यांना ठाऊक होते. नीलावाहिनीचे वर्णन मात्र सोळाव्या शतकात झाले. बोलोन्या येथील जूल्यो चेझारे आरांत्सी यांनी १५६४ मध्ये मानवी गर्भावरील आपल्या ग्रंथात गर्भाच्या वाहिन्यांचे विवेचन केले व पुढे ही वाहिनी त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास व्हेसेलियस (१५१४–६४) यांनीही तिचा निर्देश केला होता. पॅड्युआ येथील फाब्रीत्सी (१५३३–१६१९) यांनी गर्भाच्या रचनेवर सचित्र ग्रंथ लिहिला. त्यांचे शिष्य विल्यम हार्वी (१५७८–१६५७) यांनी १६२८ मधील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात गर्भातील रक्ताभिसरण प्रौढाहून वेगळे का असते, याची मीमांसा केली. तथापि हे सर्व ज्ञान प्राकृत रचनेचे होते. रचना चुकली तर काय होते, हा प्रश्न पुढील दीड शतकानंतर पुढे आला.

१७९३ मध्ये जॉन ॲबरनेथी (१७६४–१८३१) या ब्रिटिश शस्त्रक्रियातज्ञांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात दोन असामान्य शवविच्छेदनांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी एक सु. दहा महिन्यांच्या मुलीची होती. तिचे हृदय उजवीकडे होते आणि प्रवेशिका नीला यकृतात न शिरता सरळ अधोमहानीलेस मिळाली होती. यकृताला केवळ यकृत रोहिणीचे रक्त मिळत होते. ॲबरनेथी यांचे विशेष लक्ष वेधले गेले ते पित्ताकडे. पित्त नीलेच्या रक्तापासून बनते, असे त्या काळी सामान्यतः मानले जाई. परंतु या मुलीच्या पित्ताशयात नेहमीसारखेच पित्त होते. त्यावरून रोहिणीच्या रक्तापासूनही पित्त बनू शकते, असा निष्कर्ष निघत होता. या विकृतीला पुढे ॲबरनेथी यांचे नाव मिळाले. तथापि तिच्याकडे प्रदीर्घ काळ वैद्यकीय समस्या म्हणून न पाहता शरीररचनेतील एक नवल म्हणूनच पाहिले गेले.

शरीरक्रियाविज्ञानाचा काळ : यकृत टाळून जाणाऱ्या रक्ताचे दुष्परिणाम प्राण्यांवरील प्रयोगांतून प्रथम समजले. रशियन संशोधक निकोलाय एक यांनी १८७७ मध्ये कुत्र्याची प्रवेशिका नीला अधोमहानीलेस जोडण्याच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. १८९३ मध्ये पाव्हलॉव्ह (१८४९–१९३६) व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यास त्यांना ग्लानी, तोल जाणे, आचके इ. लक्षणे होतात, असे दाखविले. आतड्यात प्रथिनांपासून निर्माण होणारे अमोनियासारखे पदार्थ यकृतात निर्विष न होता मेंदूपर्यंत पोहोचले, तर काय घडते याचा हा पहिला ठळक पुरावा होता. जन्मजात पार्श्वपथ असलेल्या मुलांत आढळणाऱ्या यकृतजन्य मस्तिष्कविकाराचा अर्थ याच प्रयोगांच्या आधारे लावता येतो.

गर्भातील प्रत्यक्ष प्रवाहाचा अभ्यास विसाव्या शतकात सुरू झाला. १९३९ मध्ये बार्क्ले, बारक्रॉफ्ट, बॅरन व फ्रँक्लिन यांनी मेंढीच्या गर्भात क्ष-किरणांना अपारदर्शक द्रव्य सोडून त्याच्या मार्गाचे चलच्चित्रण केले. १९६७ मध्ये रूडॉल्फ व हायमन यांनी किरणोत्सर्गी सूक्ष्म गोलिका वापरून मेंढीच्या गर्भातील निरनिराळ्या इंद्रियांना मिळणाऱ्या रक्ताचे मापन केले. या पद्धतीने नाभिनीलेतील सु. निम्मे रक्त नीलावाहिनीतून जाते, असे दिसून आले व तेच प्रमाण मानवासही लागू असावे, असे अनेक वर्षे गृहीत धरले गेले. पुढे मानवी गर्भात मापन शक्य झाल्यावर (२०००) हे प्रमाण विसाव्या आठवड्याच्या सुमारास जवळजवळ ३० टक्के आणि गर्भावस्थेच्या शेवटच्या तिमाहीत २० टक्क्यांच्या आसपास असल्याचे आढळले. म्हणजे मानवी गर्भात यकृताचा वाटा मेंढीपेक्षा बराच मोठा असतो. यकृत ही केवळ वाटेतली एक जागा नसून गर्भाची वाढ नियंत्रित करणारे ते महत्त्वाचे इंद्रिय आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

श्राव्यातीत ध्वनीचा उपयोग : जिवंत मानवी गर्भ पाहण्याचे सुरक्षित साधन श्राव्यातीत ध्वनीमुळे हाती आले. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे इअन डॉनल्ड (१९१०–८७), जॉन मॅक्व्हिकर व अभियंते टॉम ब्राउन यांनी १९५८ मध्ये उदरातील गाठींच्या व गर्भाच्या ध्वनिचित्रणाविषयीचा लेख प्रसिद्ध केला. सोनोग्राफी या नावाने आज सर्वपरिचित असलेल्या तंत्राचा प्रसूतिविज्ञानातील उपयोग या लेखापासून सुरू झाला. १९७२ मध्ये स्ट्यूअर्ट कँबेल व सहकाऱ्यांनी मस्तिष्कहीन गर्भाचे निदान करून या साधनाने जन्मजात व्यंग वेळीच ओळखता येते, असे दाखविले. त्या काळच्या स्थिर व ठिपकेदार प्रतिमांत कवटीचा अभाव ओळखता येई. काही मिमी. रुंदीच्या नीला दिसणे मात्र शक्य नव्हते. १९७५ नंतर चलत् प्रतिमा देणारी यंत्रे प्रचारात आली व १९८२ मध्ये चिन, फिली आणि कॅलन या अमेरिकन तज्ञांनी गर्भाच्या नाभिनीला व यकृतवाहिन्या यांच्या ध्वनिचित्रांचे पद्धतशीर वर्णन केले.

वाहिनी दिसली, तरी तिच्यातील रक्त कोणत्या दिशेने व किती वेगाने वाहते, हे आकारावरून कळत नाही. ही उणीव डॉप्लर परिणामामुळे भरून निघाली. ध्वनीचा उगम व ग्राहक यांच्या सापेक्ष गतीमुळे कंप्रता बदलते, हे ऑस्ट्रियन भौतिकीविज्ञ ख्रिस्तीआन डॉप्लर (१८०३–५३) यांनी १८४२ मध्ये मांडले होते. १९७७ मध्ये डब्लिन येथील फिट्सजेरल्ड व ड्रम यांनी नाळेतील रक्तप्रवाहाचे संकेत या तत्त्वाने मिळविले. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील रॉबर्ट गिल यांनी, तर १९८० मध्ये आइक-नेस व त्यांच्या नॉर्वेतील सहकाऱ्यांनी प्रतिमा व डॉप्लर मापन यांची सांगड घालून गर्भातील प्रवाहाचे परिमाण काढण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत जपानी संशोधकांनी प्रवाहाची दिशा रंगांनी दर्शविणारे तंत्र विकसित केले. १९९१ मध्ये टॉर्व्हिड किसेरुड, आइक-नेस व सहकाऱ्यांनी ट्रॉनहेम येथे मानवी गर्भाच्या नीलावाहिनीतील वेगाचे मापन प्रसिद्ध केले. हा वेग अठराव्या आठवड्यास सेकंदास सु. ६५ सेंमी. व प्रसूतिकाळी सु. ७५ सेंमी. असतो. सभोवतालच्या नीलांतील संथ प्रवाहाच्या पार्श्वभूमीवर हा वेगवान प्रवाह चटकन ओळखू येतो. जेथे तो दिसावयास हवा तेथे दिसला नाही, तर नीलावाहिनीच नसल्याची शंका घेता येते. चार शतकांपूर्वी शवात पाहिलेली वाहिनी अशा रीतीने नित्याच्या तपासणीतील खूण बनली.

विकृतींचे प्रकार व त्यांचा अर्थ : उजवी नाभिनीला टिकून राहणे ही यांतील सर्वांत अधिक आढळणारी विकृती होय. प्राकृत गर्भाच्या उदराच्या आडव्या छेदात नाभिनीला यकृतात शिरल्यावर जठरापासून दूर वळते आणि पित्ताशय तिच्या उजवीकडे असतो. या विकृतीत ती जठराकडे वळलेली दिसते व पित्ताशय तिच्या आणि जठराच्या मध्ये येतो. पूर्वी ही विकृती गंभीर व्यंगांशी निगडित मानली जाई. त्याचे कारण असे की, ती व्यंग असलेल्या अर्भकांच्या शवविच्छेदनातच पाहिली गेली होती. १९९० नंतर सर्वसाधारण तपासणीत ती काही शेकडो गर्भांमागे एकात आढळू लागली. अन्य दोष नसतील, तर अशी मुले निरोगी असतात, हे त्यातून दिसून आले.

नीलावाहिनीच्या अभावाचा अर्थ रक्त कोणत्या पर्यायी वाटेने जाते यावर अवलंबून असतो. रक्त यकृतातच पसरत असेल, तर त्याच्या केशवाहिन्यांचे जाळे प्रवाहास आळा घालते व हृदयावर ताण पडत नाही. परंतु नाभिनीला यकृत टाळून अधोमहानीलेस, श्रोणीतील नीलेस अथवा थेट उजव्या अलिंदास मिळाली असेल, तर अरुंद तोंडाचा अडसर नाहीसा होतो. हृदयाकडे अतिरिक्त रक्त येते, हृदय मोठे होते आणि क्वचित गर्भाच्या त्वचेखाली व शरीरपोकळ्यांत द्रव साचून गर्भ दगावतो. शिवाय नाभिनीलेचे रक्त न मिळाल्याने यकृतातील प्रवेशिका शाखांची वाढ खुंटू शकते. या विकृतीबरोबर हृदयदोष किंवा टर्नर, डाऊन यांसारखे गुणसूत्रीय लक्षणसमूह असण्याचा संभव असल्याने त्यांचाही शोध घ्यावा लागतो. अन्य दोष नसलेल्या व प्रवेशिका नीला प्राकृत असलेल्या गर्भांचे भवितव्य सामान्यतः चांगले असते.

प्रवेशिका नीला व देहातील नीला यांच्यातील पार्श्वपथांचे यकृतांतर्गत व यकृतबाह्य असे दोन वर्ग करतात. नवजात बालकांच्या रक्तातील गॅलॅक्टोजाच्या तपासणीत चयापचयाचा आनुवंशिक विकार नसतानाही काही बालकांत त्याचे प्रमाण जास्त आढळले व त्यातून त्यांच्यातील पार्श्वपथ उघडकीस आले. या आधारे या विकृतीचे प्रमाण सु. ३०,००० जन्मांमागे एक असे अंदाजिले जाते. यकृतांतर्गत पार्श्वपथांपैकी पुष्कळसे वयाच्या पहिल्या दोन वर्षांत आपोआप बंद होतात. यकृतबाह्य पार्श्वपथ सहसा बंद होत नाहीत. त्यांवर उपचार न झाल्यास मस्तिष्कविकार, फुप्फुस रोहिणीतील उच्च रक्तदाब, फुप्फुसातील वाहिन्या रुंदावून रक्तातील ऑक्सिजन कमी होणे आणि यकृतात गाठी होणे असे उपद्रव अनेक वर्षांनीही उद्‌भवू शकतात.

१९९४ मध्ये मॉर्गन व सुपेरिना यांनी यकृतबाह्य पार्श्वपथांचे दोन प्रकार पाडले : पहिल्यात यकृतात प्रवेशिका रक्त मुळीच पोहोचत नाही, दुसऱ्यात काही अंशी पोहोचते. पहिल्या प्रकारास ‘प्रवेशिका नीलेचा जन्मजात अभाव’ असे म्हटले गेले व त्यात पार्श्वपथ बंद करणे अशक्य मानून यकृताच्या प्रतिरोपणाचा विचार केला जाई. पुढे फुगा फुगवून पार्श्वपथ तात्पुरता अडविण्याची व त्या वेळी नीलांचे क्ष-किरण चित्रण करण्याची पद्धत रूढ झाली. तेव्हा ज्यांच्यात अभाव गृहीत धरला होता अशा अनेक मुलांच्या यकृतात बारीक प्रवेशिका शाखा असल्याचे आढळून आले. रक्त सोप्या वाटेने निघून जात असल्यामुळे त्या रिकाम्या राहिल्या होत्या आणि म्हणून दिसत नव्हत्या. अशा मुलांत पार्श्वपथ एकदम अथवा टप्प्याटप्प्याने बंद करून यकृताकडील प्रवाह पुनःस्थापित करता येतो. न दिसणे म्हणजे नसणे नव्हे, हा धडा गर्भाच्या निदानासही तितकाच लागू आहे. गर्भाच्या यकृतातील शाखा याहूनही लहान असल्याने ‘अभाव’ हा शब्द वापरताना अधिक सावधगिरी बाळगावी लागते.

रोहिणी व नीला यांच्यातील थेट जोड आणि वाहिनीजन्य गाठी यांत रक्ताचा मोठा ओघ गाठीतून परतत असल्याने गर्भाचे हृदय निकामी होऊ शकते. १९८२ मध्ये मलिकन व ग्लोवाकी यांनी पेशींची वाढ होऊन बनणाऱ्या गाठी व वाहिन्यांची सदोष रचना यांत मूलभूत भेद केला. पुढे जन्मतःच पूर्ण वाढलेली व जन्मानंतर झपाट्याने विरून जाणारी गाठ वेगळी ओळखण्यात आली (१९९६). गर्भात दिसणाऱ्या अशा गाठींबाबत त्यामुळे पुष्कळदा निरीक्षण हाच उपचार ठरतो.

वर्गीकरणाचा पुनर्विचार : आजारी मुलांवरून तयार केलेली वर्गीकरणे गर्भास तशीच लागू करण्यात मोठी अडचण होती. रुग्णालयात येतात ती लक्षणे असलेली मुले. ज्यांचा पार्श्वपथ शांतपणे बंद झाला, त्यांची नोंदच होत नाही. जन्मानंतर नाभिनीला बंद झालेली असल्याने तिचा सहभागही या वर्गीकरणांत नव्हता. इझ्राएलमधील रुवेन ॲकिरॉन व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये गर्भासाठी स्वतंत्र वर्गीकरण सुचविले. त्यात पार्श्वपथ नाभिनीलेपासून, नीलावाहिनीपासून की प्रवेशिका नीलेपासून निघतो यावरून तीन प्रकार मानले असून तिसऱ्याचे यकृतांतर्गत व यकृतबाह्य असे उपप्रकार केले आहेत. प्रत्येक गर्भात यकृतातील प्रवेशिका शाखा दिसतात की नाही, हे पाहण्यावर या पद्धतीत भर आहे. कारण भवितव्य ठरविणारी गोष्ट पार्श्वपथाच्या आकारापेक्षा बहुधा हीच असते.

भारतातील स्थिती : भारतात या निदानाला कायद्याची विशेष चौकट आहे. गर्भलिंगनिदानासाठी सोनोग्राफीचा गैरवापर रोखण्याकरिता महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशातील पहिला अधिनियम केला. १९९४ मध्ये केंद्रीय अधिनियम संमत झाला, तो १९९६ पासून अंमलात आला व २००३ मध्ये अधिक कडक करण्यात आला. त्यानुसार केंद्रांची नोंदणी व प्रत्येक गर्भवतीच्या तपासणीची नोंद आवश्यक असून जन्मजात व्यंगांचा शोध हा तपासणीचा वैध हेतू आहे. वैद्यकीय गर्भपाताच्या १९७१ च्या अधिनियमात मात्र सर्वसाधारण मर्यादा २० आठवड्यांची होती. गर्भाच्या व्यंगांची तपशीलवार तपासणी सामान्यतः १८ ते २२ आठवड्यांत होत असल्याने निदान, त्याची खातरजमा व निर्णय यांना पुरेसा अवधी राहत नसे आणि अनेक दांपत्यांना न्यायालयात जावे लागे. २०२१ च्या दुरुस्तीने विशिष्ट परिस्थितीत ही मर्यादा २४ आठवडे केली व गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या अभिप्रायावरून ती शिथिल केली. यकृतवाहिन्यांच्या विकृतींच्या बाबतीत या वाढीव अवधीचा उपयोग गर्भपातापेक्षा पुनर्तपासणीसाठी अधिक आहे. प्रथम भीतिदायक वाटणारी विकृती चार आठवड्यांनी निरुपद्रवी ठरणे, हे या क्षेत्रात नेहमीचे आहे.

प्रसूतिपूर्व निदानामुळे मिळणारा खरा लाभ जन्मानंतरचा आहे. पार्श्वपथ ज्ञात असलेल्या बालकाच्या रक्तातील अमोनिया व ऑक्सिजन, यकृताच्या ध्वनिप्रतिमा आणि हृदयाच्या उजव्या बाजूवरील दाब यांची ठराविक काळाने तपासणी करता येते आणि पार्श्वपथ आपोआप बंद न झाल्यास उपद्रव होण्यापूर्वी तो बंद करता येतो. पूर्वी अशा मुलांचे निदान ग्लानी, धाप किंवा यकृतातील गाठ यांवरून उशिरा होई. कित्येकदा त्यांचा सुस्तपणा वा अभ्यासातील मागासलेपणा या विकृतीमुळे आहे, हे कळतही नसे. ॲबरनेथी यांनी पाहिलेल्या मुलीची विकृती तिच्या मृत्यूनंतर उघडकीस आली. आज तीच विकृती जन्मापूर्वी अनेक आठवडे ओळखता येते व तिच्यावर वेळीच उपाय योजता येतो. मात्र त्यासाठी गर्भात दिसलेल्या खुणेची नोंद प्रसूतीनंतर बालरोगतज्ञांपर्यंत पोहोचणे आणि मूल वरकरणी निरोगी दिसत असले, तरी त्याची पुढील तपासणी चालू ठेवणे आवश्यक असते.